नीळ न लागलेली चिंधी

मी चिंधी बोलतेय. नाक मुरडू नका. चिंधीला चिंधी म्हटलेलं मला लागत नाही, लागतं ते 'फडकं' म्हटलेलं. फडकं ओट्यावर असतं, सांडलेलं पुसायला. मी रानात असते, आणि माझ्याकडे बघून आभाळातले पक्षी खाली उतरतात. तुमच्या घरातल्या एका तरी फडक्याला हे जमतं का, सांगा!

जन्मानं मी टेबलावरची चादर. टेक्सासच्या भातपट्टीत, ह्यूस्टनच्या पश्चिमेला, आमची चेक लोकांची वस्ती आहे. तिथल्या चर्चच्या हॉलमध्ये लग्नाच्या पंगती बसायच्या आणि लांबलचक टेबलांवर मी पसरलेली असायची. किती लग्नं बघितली, मोजदाद नाही. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामानं बिअरच्या भरात बीटाच्या लोणच्याचा अख्खा वाडगा माझ्यावर पालथा केला. डाग काही केल्या निघेना. हॉलच्या बायकांनी मला बाद केलं.

टेबलं उचलायला रुडॉल्फ सुलाक आला होता. "टाकताय? मग मला द्या," म्हणाला, आणि घरी नेऊन त्यानं माझे टराटरा बत्तीस तुकडे केले. बीटाचा डाग आला तो माझ्या वाट्याला. दुखलं का म्हणाल, तर दुखलं. पण पंगतीत पडून राहण्यापेक्षा पुढे जे नशिबी आलं ते शंभर पटींनी चांगलं होतं.

हिवाळा आला की उत्तरेच्या बर्फाळ मुलखातून आमच्याकडे हिमहंस येतात. अंग पांढरं, पंखांची टोकं तेवढी काळी, आणि कलकलाट असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. कापणी झालेल्या शेतात सांडलेला भात वेचतात, तो संपला की गाईंसाठी पेरलेल्या हिरव्या गवतात घुसून ते मुळापासून उपटतात. शहरातले क्लबवाले शिकारी त्यांना फसवायला प्लास्टिकचे रंगवलेले हंस मांडतात, अगदी डोळेसुद्धा चितारलेले. सुलाकांना ते कुठून परवडणार? रुडॉल्फ भात वाळवायच्या कोठारावर हमाली करायचा. हाताला लागेल ते पांढरं तो जमवायचा. दवाखान्यातल्या जीर्ण चादरी, बाळांचे लंगोट, पिठाच्या पिशव्या, आणि आम्ही. चारशे चिंध्यांचं पोतं होतं त्याचं.

पहाटे आम्हाला भाताच्या धसकटांवर एकेक करून अडकवायचं आणि एक टोक वाऱ्याला मोकळं सोडायचं. वारा आला की आम्ही डुलतो, वरून बघणाऱ्याला वाटतं खाली भाऊबंद चरताहेत. आमच्या मधोमध पांढरे डगले घालून माणसं उताणी पडतात आणि वाट बघतात. रुडॉल्फचा डगला खाटकाच्या दुकानातून मागून आणलेला. धाकटा मुलगा लॅम्बर्ट हंसाची साद घालायचा ती नुसत्या गळ्यानं, विकतची शिट्टी लागायची नाही. एवढाच सरंजाम, पण पक्षी क्लबवाल्यांना सोडून आमच्याकडे यायचे.

त्यातही मान माझा. बाकीच्या पोत्यात जायच्या, मी रुडॉल्फच्या डगल्याच्या खिशात. तो माझ्यानं चष्म्यावरचं धुकं पुसायचा, बंदुकीची नळी पुसायचा, आणि सगळ्यांच्या शेवटी मला आपल्या डोक्याशी रोवायचा. वारा कुठून आहे ते माझ्यावरून ठरायचं. चारशेजणींत एकटीला हा मान, मग मी थोडी ताठ वागले तर कुणी बोलू नये.

आता ओतिलीबाईंबद्दल सांगते. ओतिलीबाई म्हणजे रुडॉल्फची बायको. स्वच्छतेच्या बाबतीत बाई नाकावर माशी बसू देत नसे. सोमवारी तिची धुणी दोरीवर चढली की रस्त्यानं जाणाऱ्या बायका आपापल्या दोरीकडे बघून गप्प व्हायच्या. आणि अशा बाईच्या घरच्या चारशे मळक्या चिंध्या, चर्चच्या रस्त्याला लागून असलेल्या शेतात, अख्ख्या गावाच्या डोळ्यांपुढे!

"माझी अब्रू आहे ती," ती म्हणायची. "एकदा, फक्त एकदा मला धुऊ दे."

रुडॉल्फ हसायचा आणि पोतं लपवायचा. कधी मक्याच्या कणगीत, कधी उलट्या होडीखाली. का धुवायच्या नाहीत हे मात्र त्यानं एका शब्दानं सांगितलं नाही. तो बोलणाराच नव्हता. नवरा-बायकोचा हा लपंडाव चाळीस वर्षं चालला.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात रुडॉल्फ गेला. जेवून खुर्चीत बसला तो उठलाच नाही. त्याचा डगला स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीवर होता, तिथंच राहिला. ओतिलीबाईनं घरातलं सगळं धुतलं, आवरलं, वाटून टाकलं. त्या डगल्याला हात लावला नाही. मी खिशात होते. किती दिवस गेले ते खिशात कळत नाही, पण त्याच्या तंबाखूचा वास हळूहळू विरत गेला ते मला कळलं, आणि वाईट वाटलं.

हिवाळ्यात एका संध्याकाळी एमिल कुबेना आला. आम्ही ज्या शेतात मांडत होतो ते ह्याचं. सत्तरी उलटलेला, एका कानानं बहिरा, शब्दाला पक्का. शेताचा कागद वगैरे काही नव्हता. त्यानं आणि रुडॉल्फनं तरुणपणी हातात हात दिला होता, तेवढंच.

"एमिल, कॉफी घे," ओतिलीबाई म्हणाली.

"नको. वाईट बोलायला आलोय. तुझी कॉफी पोटात गेली की माझी जीभ मऊ होते." त्यानं टोपी काढली. "ओतिली, क्लबवाले शिकारीसाठी शेत मागताहेत. शब्द रुडॉल्फशी होता. तो गेला."

"एमिलकाका, आम्ही आहोत ना," थोरला एडविन म्हणाला.

"तू बंदूक उडवतोस, ठाऊक आहे मला. पक्षी उडवून लावणं माझं कुत्रंही करतं. ते उडतात आणि तासाभरानं परत माझ्या गवतात. तुझा बाप थवा खाली उतरवायचा. फसून खाली आलेला थवा मार खाऊन गेला की त्या मोसमात पुन्हा फिरकत नाही. ते येतं का तुम्हाला?"

उत्तराची वाट न बघता कुबेनानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"शनिवारी सकाळी दहापर्यंत एक थवा चिंध्यांवर उतरवून दाखवा. एकच. उतरला तर शेत सुलाकांचं. नाही तर मी क्लबला होकार कळवणार."

"काका, दहा कुठल्या घड्याळाचे?" लॅम्बर्टनं विचारलं. "चर्चचं वीस मिनिटं मागे आहे."

"माझ्या पोटातल्या घड्याळाचे. दहाला मला भूक लागते."

कुबेना हसला नाही, म्हणजे तो खरंच बोलत होता. ते शेत गेलं असतं तर सुलाकांना दुसरं शेत मिळणार नव्हतं. आणि नुसती शिकार गेली असती असंही नव्हे. त्या मातीत रुडॉल्फ चाळीस हिवाळे उताणा पडला होता. घरातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, म्हणून त्या रात्री सगळे भराभर जेवून उठले.

दुसऱ्या दिवसापासून मला दारामागून धुण्याच्या मशीनची घरघर ऐकू यायला लागली. घरात ओतिलीबाई एकटीच. एडविन कोठारावर, त्याची बायको व्लास्ता शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. ओतिलीबाईनं जुन्या खुराड्यातून पोतं शोधून काढलं होतं. तीन दिवस बाई खपत होती. आधी भिजत घातलं, मग उकळलं, मग ब्लीच, मग चकाकीची पावडर, आणि शेवटी नीळ. पहिल्या शंभरेकींना तर खळसुद्धा केली, इस्त्री फिरवली! खळ संपली म्हणून बाकीच्या वाचल्या. मधेच मशीन थांबायची आणि बाई डगल्याजवळ येऊन उभी राहायची.

"बघ रुडॉल्फ," एकदा ती म्हणाली, "ह्या खेपेला तुझ्या पोरांची मान खाली जाणार नाही. सगळं गाव बघणार आहे."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई, थांब! पण आम्हाला तोंड असतं तर हा सगळा घोळ झालाच नसता.

शनिवारी पहाटे एडविननं डगल्याकडे बघितलं आणि नजर वळवली. "तू घाल," तो व्लास्ताला म्हणाला. व्लास्तानं घातला. बाह्या दोनदा दुमडल्या. शेतात धुकं होतं, पाय पोटरीपर्यंत चिखलात. टॉर्चच्या उजेडात पोतं उघडलं तर साबणाचा घमघमाट.

"अरे वा," लॅम्बर्ट म्हणाला, "हंसांचं माहीत नाही, पण पाद्रीबुवा नक्की उतरतील."

"आईनं धुतल्या वाटतं. बरं केलं," एडविन म्हणाला. बापानं त्यालाही कधी काही सांगितलं नव्हतं.

सगळ्या लावून झाल्यावर व्लास्ताचा हात खिशात गेला आणि मी तिच्या बोटांना लागले. मळकी, बीटाच्या डागाची, पोत सुटलेली. तिनं मला ओळखलं. सासऱ्यासारखंच तिनं मला आपल्या डोक्याशी रोवलं. मागच्या मोसमानंतर पहिल्यांदा मोकळा वारा लागला आणि मी फडफडले. समोर बघितलं तर माझ्या बहिणी! पहिल्या शंभर तर पुठ्ठ्यासारख्या ताठ उभ्या, वाऱ्याला दाद देईनात.

उजाडलं. धुकं विरलं, ऊन पडलं, आणि त्या तीनशे नव्व्याण्णवजणी अशा काही लखलखल्या की बोलायची सोय नाही. पांढऱ्यातून निळसर आग फेकत होत्या. असला हंस देवानं केलेलाच नाही. पहिला थवा आला, लॅम्बर्टच्या सादेला उत्तर देत खाली वळला आणि एकदम भिंतीला थडकल्यासारखा बाजूला फुटला. दुसरा तसाच. तिसऱ्यानं तर लांबूनच रस्ता बदलला. साडेआठ वाजले. रस्त्यावर कुबेनाची पिकअप उभी होती, आत तो हाताची घडी घालून बसला होता. त्याच्या शेजारी ओतिलीबाईची गाडी येऊन थांबली. काळा रुमाल, चर्चचा चांगला कोट, हातात कॉफीचा थर्मास आणि कोलाचेचा, म्हणजे फळं भरलेल्या गोड पावांचा, डबा.

"बंदूक आपटून टाकावीशी वाटतेय," एडविन म्हणाला. "बाबांना यायचं ते मला येत नाही. संपलं."

व्लास्ता मात्र वर बघत होती. पाच हंस थव्यातून सुटून नेमके आमच्या दोघींवर आले. पाय खाली सोडले. मग त्यांची नजर पलीकडे गेली आणि ते किंचाळत वर उठले. थोड्या वेळानं आणखी दोन आले, पुन्हा माझ्याच डोक्यावर, पुन्हा तसेच पळाले. व्लास्तानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग बाकीच्यांकडे बघितलं.

"एडविन," ती म्हणाली, "ही एकटी धुतलेली नाही."

त्याला कळायला क्षणभर लागला. कळलं तसं त्यानं कपाळाला हात लावला. "आईला सांगू नको."

"मग सगळ्या मळवायच्या कशा? ती तिथं उभी राहून बघतेय."

"वहिनी, तू सांग," लॅम्बर्ट म्हणाला.

"हो का? सुनेनं सासूला सांगायचं, तुमची धुणी वाईट? भाऊजी, जिवंत राहायचंय मला."

पण ओतिलीबाईच चालत आली, चांगल्या बुटांनी चिखल तुडवत. "काय झालं? का उतरत नाहीत?"

तिघेही चिखलाकडे बघायला लागले. शेवटी व्लास्तानं मला धसकटावरून उपटलं आणि सासूच्या हातात दिलं. "आई, ही बाबांच्या खिशात होती. हिला नीळ लागलेली नाही. पक्षी फक्त हिच्यावर येताहेत."

ओतिलीबाईनं मला उलटंपालटं केलं. बीटाच्या डागावर अंगठा फिरवला. 

"चाळीस वर्षं," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, आळशी आहे मेला. म्हणून लपवतो." मग आवाज चढला. "अरे, पण तोंड होतं ना त्याला? एकदा सांगायला काय झालं होतं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं, दुःखाचंही होतं. रस्त्यावरून कुबेना बघतोय ह्याची तिला जराही पर्वा नव्हती.

तिनं डोळे पुसले. माझ्यानं नव्हे, बाहीनं. मला तिनं व्लास्ताकडे परत दिलं आणि कोटाच्या बाह्या वर केल्या. "किती वाजले?"

"पावणेनऊ."

"मग उभे काय राहिलात? गोळा करा सगळ्या. पाटावर आणा."

शेताच्या कडेनं पाण्याचा पाट होता, तळाला काळा गाळ. बाई गुडघे टेकून बसली आणि तीन दिवस राबून पांढऱ्या केलेल्या चिंध्या एकेक करून गाळात बुडवू लागली. काय हात चालत होता! तिला धुणं येत होतं, म्हणून मळवणंही येत होतं.

"लॅम्बर्ट, पिळू नको, नुसती झटक! एडविन, एवढी काळी नको, हंस आहे तो, कावळा नाही! खळीच्या बाजूला टाका, त्या कामाच्या नाहीत." मधेच थांबून ती मला बघायची आणि मापानं रंग लावायची. माझ्यासारखा. लक्षात घ्या, माझ्यासारखा! ज्या मळाची बाईला चाळीस वर्षं लाज वाटली, तो आता नमुना म्हणून समोर धरला होता. माझा ऊर भरून आला होता, हे मी लपवत नाही.

तीनशे चिंध्या पुन्हा लागल्या तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. कुबेना गाडीतून उतरून कुंपणाशी उभा होता. ओतिलीबाई रस्त्याकडे निघाली तेवढ्यात उत्तरेकडून कलकलाट आला. सगळं आभाळ भरून.

"आई, खाली! आहेस तिथंच!" एडविन ओरडला.

चांगला कोट घातलेली ती पासष्ट वर्षांची बाई चिखलात उताणी पडली. कोट राखाडी होता, चिखलात लपला. डोक्यावरचा काळा रुमाल मात्र उठून दिसत होता. व्लास्ता सरपटत गेली आणि तिनं मला सासूच्या रुमालावर, कपाळावर, अर्ध्या चेहऱ्यावर पसरलं. माझ्या विरलेल्या पोतातून ओतिलीबाई वर बघत होती. तिचा गरम श्वास मला खालून लागत होता.

लॅम्बर्टनं साद घातली. थवा फिरला. एक फेरी, दुसरी फेरी, प्रत्येक फेरीला खाली. मग पंख तिरपे करून, गिरक्या घेत, हजारभर हंस आमच्यावर गळायला लागले. ऊन त्यांच्या पंखांतून आरपार येत होतं. कुणी दहा हातांवर, कुणी पाच हातांवर पाय टेकले. एकाच्या पंखाचा वारा थेट माझ्यावर आला. ओतिलीबाईचा श्वास थांबला होता.

"अगं बाई," ती पुटपुटली, "हे बघायला जायचा होय हा!" मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "मला का नाही कधी नेलं रे?"

एडविन बंदूक धरून नुसता पडून होता. आई इतकी जवळ, त्याचा हात उचलेना.

"एडविन," माझ्याखालून आवाज आला, "माझ्यासाठी थांबू नकोस. मी मान खाली ठेवलीये."

तो उठून बसला, व्लास्ता उठली, लॅम्बर्ट उठला. बंदुका कडाडल्या आणि आभाळ फाटल्यासारखा थवा उठला. नऊ पक्षी चिखलात राहिले.

कुबेना शेतातून चालत आला. खिशातून घड्याळ काढून बघितलं, परत ठेवलं. त्यानं एडविनपुढे हात केला. एडविन म्हणाला, "माझ्याशी नको. तिच्याशी."

ओतिलीबाई उठून बसली होती. केसांत चिखल, गालावर चिखल. तिनं हात पुसायला काही शोधलं, मी तिच्या मांडीवरच होते, पण तिनं मला बाजूला ठेवलं. "एमिल, हात घाण आहेत माझे."

"त्याचेही असायचे," कुबेना म्हणाला आणि तो चिखलाचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला.

त्यानंतर दहा हिवाळे ओतिलीबाई स्वतः शेतात आली. रुडॉल्फचा डगला तिचा झाला, मी तिच्या खिशात. बंदूक तिनं कधी धरली नाही. चिंध्या मांडायच्या कशा आणि मळवायच्या किती, हे ती ठरवायची, आणि क्लबवाले कुंपणाशी गाडी थांबवून बघत राहायचे. एकदा त्यांच्यातल्या एकानं विचारलं, हे हंस कुठल्या दुकानातून आणले म्हणून. बाई आठवडाभर हसत होती.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत ती अंथरुणाला खिळली. शेवटी शेवटी व्लास्तानं मला तिच्या उशाशी आणून ठेवलं. "आई, ही तुमच्याबरोबर देऊ का? बाबांची आठवण म्हणून?"

ओतिलीबाईनं डोळे उघडले. मला बोटांनी चाचपलं. "वेडी आहेस का?" ती म्हणाली. "मोसमाचे तीन आठवडे शिल्लक आहेत. ती मेलेल्या माणसाबरोबर काय करणार? कामाची आहे ती."

तेव्हापासून मी व्लास्ताकडे आहे. आता तीही म्हातारी झाली. भाताची शेतं कमी झाली, हंसही पूर्वीएवढे येत नाहीत. गावच्या म्युझियमवाल्यांनी मला काचेच्या पेटीत मागितलं होतं. तिनं त्यांना कोलाचे खाऊ घालून परत पाठवलं. माझ्या कडा झडल्या आहेत, बीटाचा डाग कुठला आणि चिखलाचा कुठला हे मलाही सांगता येणार नाही. पण कुणी विचारलंच तर सांगा, ओतिली सुलाकनं मला कामाची म्हटलंय. शहाण्यासुरत्या माणसांना मरताना असं म्हणून घेता येत नाही.

बरं, पुरे झालं माझं पुराण. वारा दक्षिणेकडून सुटलाय. व्लास्तानं मला डोक्याशी रोवलंय, लॅम्बर्टचा गळा बसलाय तरी तो साद घालतोय. तुम्हीही पडून राहा. मान वर करू नका, हलू नका, बोलू नका. येताहेत.